किमान पाचशे मैल

आपल्या देशात मैल आता फारसा कुठे उरलेला नाही. १९५६ साली वजनमापांचा नवा कायदा झाला, आणि त्यानंतर शेर गेला, मण गेला, गज गेला. त्यांच्या मागोमाग मैलानेही निरोप घेतला. रस्त्याच्या कडेचे दगड किलोमीटर सांगू लागले. भाषेत मात्र त्यांचे नाव अजून ‘मैलाचा दगड’ असेच राहिले आहे. पेन्शनीत निघालेल्या मामलेदाराला गावाने रावसाहेब म्हणत राहावे, तसे. पण या पदच्युत मापाचा दरारा एका ठिकाणी अद्याप टिकून आहे. ते ठिकाण म्हणजे विमान कंपन्यांची खातेवही. तिथे मैल हे अंतर मोजण्याचे साधन राहिलेले नाही. ते एक नाणे झाले आहे. ते मिळवता येते, साठवता येते, खर्चता येते आणि मुदतीत न वापरल्यास बुडतेही. कंपनी त्याला मैल म्हणो की पॉइंट म्हणो, जात एकच.

या नाण्याशी माझा परिचय वाढला तो अक्कामुळे. अक्का माझी थोरली बहीण. वय ब्याऐंशी. फोंड्याला जुन्या घरात राहते. सोबतीला एक बाई असते. मुंबईला येऊन राहा म्हणून आम्ही सर्वांनी विनवून पाहिले. “इथली विहीर कोण बघणार?” या एका प्रश्नावर तिने तो विषय मिटवला. तेव्हा मीच दर महिन्याला तिच्याकडे जातो. एके काळी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जाणारे लोक होते. आता कोकण रेल्वे आहे, आणि ती मला आवडतेही. पण रात्रभर बर्थवर कूस बदलत जाण्याइतकी माझी पाठ आता सोशिक राहिलेली नाही. म्हणून विमान. मुंबईहून गोवा सरळ रेषेत सुमारे २६५ मैल. विमान हवेत असते जेमतेम तासभर.

प्रत्येक प्रवासानंतर कंपनीकडून एक पत्रक येते. तुमच्या निष्ठेबद्दल आम्ही आपले आभारी आहोत, असे त्यात प्रथम लिहिलेले असते आणि खाली त्या निष्ठेचे मोल आकड्यांत दिलेले असते. निष्ठा हा शब्द आपण पतिव्रतेविषयी, शिष्याविषयी किंवा फार तर एखाद्या देशभक्ताविषयी वापरत आलो. आपण महिन्यातून एकदा खिडकीजवळची जागा मागून घेतो याला कोणी निष्ठा म्हणेल, असे मला वाटले नव्हते. पण म्हणतात खरे. आणि ती मोजतातही. मोजतात कशी, हे पाहू लागलो तेव्हा त्यात मोठी गंमत आणि थोडे तत्त्वज्ञानही आहे, असे ध्यानात आले.

या पद्धतीचे मूळ अमेरिकेत आहे. १९७८ साली तिथल्या सरकारने विमान कंपन्यांवरची भाड्याची आणि मार्गांची बंधने कायद्याने उठवली. कोणीही कुठेही, हवे त्या दराने उडावे असे झाले. चढाओढ लागली आणि आपला उतारू उद्या दुसऱ्याच्या विमानात बसेल ही धास्ती प्रत्येक कंपनीला पडली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अॅडव्हांटेज’ नावाची योजना काढली: जितके मैल उडाल तितके तुमच्या खात्यात मांडू, आणि पुरेसे साठले की एक प्रवास फुकट देऊ. आठवडा उलटायच्या आत युनायटेड कंपनीनेही तसेच जाहीर केले. पुढे जगभर हे लोण पसरले.

आता ‘जितके उडाल तितके’ हे वाक्य दिसते तितके सरळ नाही. विमान प्रत्यक्ष किती हिंडले याच्याशी कंपनीला कर्तव्य नसते. पृथ्वीच्या गोलावर दोन विमानतळांमध्ये दोरा ताणला तर जी सर्वांत आखूड रेषा निघेल, तिची लांबी म्हणजे तुमचे मैल. मुंबईच्या आकाशात उतरायला जागा नाही म्हणून विमान अर्धा तास घिरट्या घालत राहिले आणि खालची तीच खाडी तुम्हाला तीनदा दिसली, तरी त्या फेऱ्या तुमच्या खात्यात येत नाहीत. तो तुमचा धर्मादाय.

पण ही सरळ रेषा जवळच्या प्रवाशाच्या बाबतीत फार कृपण ठरते. शिकागोहून मिलवॉकी अवघे ६७ मैल. त्या दोन शहरांमध्ये नोकरीधंद्यासाठी ये-जा करणाऱ्या माणसाच्या पदरी दर खेपेला ६७ मैल टाकले, तर फुकट तिकिटाला लागणारे २५ हजार मैल साठायला त्याला पावणेचारशे खेपा कराव्या लागतील. अशा हिशेबाने निष्ठा टिकत नाही. म्हणून कंपन्यांनी एक तोड काढली. उड्डाण कितीही लहान असो, त्याचे किमान पाचशे मैल धरायचे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत हा नियम वर्षानुवर्षे रूढ होता. पुढे काहींनी ही मेहेरबानी केवळ वरच्या दर्जाच्या सभासदांपुरती राखली, ही गोष्ट वेगळी.

हा नियम मी प्रथम वाचला तेव्हा मला आपल्या रिक्षाचा मीटर आठवला. मुंबईत रिक्षात बसून पुढच्याच नाक्यावर उतरलात, तरी पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे द्यावेच लागते. आपण कुरकुरतो, पण मनातून आपल्याला ते पटलेले असते. रिक्षा थांबवणे, वळवणे, गर्दीतून काढणे ही यातायात अंतर लहान म्हणून लहान होत नाही. पाचशे मैलांचा नियम म्हणजे हाच मीटर, फक्त उलट्या बाजूने फिरणारा. इथे किमान रक्कम उतारूने द्यायची नसून उतारूला मिळायची होती.

कंपन्यांनी हे काही भूतदयेने केले नाही, हे उघड आहे. लहान उड्डाणाचे तिकीट दर मैलामागे महाग असते. जवळच्या प्रवाशाला आगगाडी आणि मोटार यांचे पर्याय असतात, म्हणून त्याला जास्त गोंजारावे लागते. आणि असा प्रवासी बहुधा वारंवार येणारा असतो. व्यापाराचा हिशेब पक्का होता. परंतु व्यापाराच्या हिशेबातही कधीकधी नकळत एखादे सत्य येऊन बसते. प्रवासाचा शीण अंतरात नसतो, निघण्यात असतो, हे ते सत्य.

माझ्या गोव्याच्या फेरीचेच पाहा. घरातले दिवे-नळ पाहायचे, शेजाऱ्यांकडे किल्ली द्यायची, अक्काची औषधे पुन्हा मोजायची, दारातून बाहेर पडून पुन्हा आत यायचे. मग रस्त्यावरची गर्दी. मग ओळख पटवणे, पिशवी उघडून दाखवणे, पट्टा काढणे, पट्टा घालणे. मग बसून राहणे. उतरल्यावर पुन्हा सामान, पुन्हा मोटार. दारापासून दारापर्यंत सहा तास, त्यांतला आकाशातला एक. आमच्या इमारतीत वर राहणारे गृहस्थ वर्षाकाठी एकदा मुलाकडे न्यूयॉर्कला जातात. त्यांनाही किल्ली द्यावी लागते, पट्टा काढावा लागतो, ताटकळावे लागते, पण एकदाच. विमानात बसल्यावर माणूस झोपतो, जेवतो, पुन्हा झोपतो; मैल आपोआप वाढत राहतात.

एकदा मी सहज कागदावर मांडून पाहिले. दर महिन्याला जाऊन-येऊन दोन, म्हणजे वर्षाची चोवीस उड्डाणे. त्यांचे सरळ अंतर सुमारे ६,३६० मैल. आणि मुंबई ते न्यूयॉर्क ही एकच वाट सुमारे ७,८०० मैलांची! म्हणजे माझी बारा महिन्यांची धावपळ वरच्या गृहस्थांच्या एका झोपेलाही पुरी पडत नाही. पण त्याच चोवीस उड्डाणांना पाचशेचा नियम लावला, तर आकडा १२ हजारांवर जातो. तरीही न्यूयॉर्कला जाऊन परत येणारे माझ्या पुढेच राहतात; पण आता मी निदान त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात तरी असतो.

अंतराचे माप किती अपुरे आहे याचे टोकाचे उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत सापडते. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये लोगनएअर ही कंपनी १९६७ सालापासून विमान चालवते. अंतर पावणेदोन मैलांहूनही किंचित कमी. वेळापत्रकात दोन मिनिटे दिलेली असतात, आणि वारा अनुकूल असताना ते ५३ सेकंदांत पार झाल्याची नोंद आहे. जगातले हे सर्वांत लहान नियमित उड्डाण. हौशी प्रवासी त्यात गंमत म्हणून बसतात. पण शिक्षक, विद्यार्थी, डॉक्टर, रोगी यांच्यासाठी ती रोजची वाट आहे. दोऱ्याने मोजली तर त्या वाटेचे दोन मैलही भरत नाहीत. पण मध्ये समुद्र आहे, आणि पलीकडे शाळा आहे किंवा दवाखाना आहे. तेवढ्या दोन मिनिटांचे त्या माणसाच्या दृष्टीने मोल काय, हे दोरा कसे सांगणार?

अंतर सोडून दुसरे माप वापरून पाहणारेही होते. अमेरिकेतली साउथवेस्ट ही कंपनी मुख्यतः जवळच्या शहरांमध्ये उडत आलेली. तिने मैलांच्या भानगडीत न पडता सोपी रीत ठेवली: एका बाजूचा एक प्रवास म्हणजे एक खूण, सोळा खुणा झाल्या की जाऊन-येऊन एक प्रवास फुकट. लहान काय, लांबचा काय, खूण एकच. २०११ पर्यंत ही रीत चालली. इतर मोठ्या कंपन्यांनीही सभासदाचा दर्जा ठरवताना जवळच्या प्रवाशासाठी एक आडवाट ठेवली होती. पहिल्या पायरीवर चढायला वर्षात २५ हजार मैल तरी करा, नाही तर तीस उड्डाणे तरी करा, असा तो विकल्प असे. लांब जाणाऱ्याने मैल दाखवावेत, वारंवार जाणाऱ्याने वारी दाखवावी. आपल्याकडे पंढरीची वाट आळंदीहून चालणारा आणि अलीकडच्या गावाहून चालणारा हे दोघेही वारकरीच. मला ही कल्पना म्हणूनच ओळखीची वाटली.

जिथे किमान आहे तिथे त्याचा फायदा उपटणारेही असतात. केवळ मैल जमवण्यासाठी उडणाऱ्या लोकांचा एक पंथच अमेरिकेत निघाला. कुठे जायचे नाही, कोणाला भेटायचे नाही. सरळ एका विमानाने जाण्याऐवजी मुद्दाम दोन-तीन ठिकाणी उतरत जायचे, म्हणजे प्रत्येक तुकड्याचे पाचशे वेगळे. असे मिळवलेले मैल मग लांबच्या प्रवासात खर्चायचे. साऱ्या अमेरिकेत कुठेही जाऊन या, २५ हजार मैल घ्या, असा सरसकट दर होता त्या दिवसांत हा शहाणपणा चांगला फळत असे. जवळून मिळवावे आणि दूरवर उधळावे, हे त्या पंथाचे सूत्र.

पुढे कंपन्यांचा विचार पालटला. डेल्टाने १ जानेवारी २०१५ पासून, युनायटेडने त्याच वर्षीच्या १ मार्चपासून आणि अमेरिकन एअरलाइन्सने १ ऑगस्ट २०१६ पासून अंतराला रजा दिली आणि तिकिटाच्या किमतीवर मैल द्यायला सुरुवात केली. साध्या सभासदाला डॉलरमागे पाच, वरच्या दर्जाच्याला अकरापर्यंत. ब्रिटिश एअरवेजने ऑक्टोबर २०२३ मध्ये हीच वाट धरली. आपल्याकडे एअर इंडियाने १९९४ पासून चाललेली ‘फ्लाइंग रिटर्न्स’ ही योजना २०२४ मध्ये खर्चाच्या पायावर उभी केली आणि २०२५ मध्ये तिचे नाव ‘महाराजा क्लब’ ठेवले. इंडिगोने तर अठरा वर्षे अशी योजनाच ठेवली नव्हती. २०२४ मध्ये काढली, ती रुपये मोजणारीच. मैल हे नाव काही ठिकाणी राहिले, पण त्यातले अंतर नाहीसे झाले.

या बदलाने जवळच्या प्रवाशाचे नुकसानच झाले, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. मिलवॉकीच्या त्याच प्रवाशाने शंभर डॉलरचे तिकीट काढले तर पाच पटीने त्याला पाचशेच मिळतात. त्याहून महाग काढले तर अधिक मिळतात. फटका बसला तो स्वस्तात लांब जाणाऱ्याला. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस सुमारे अडीच हजार मैल. दोनशे डॉलरांत तिकीट मिळवणाऱ्या चतुर माणसाला पूर्वी अडीच हजार मिळत, आता हजारावर समाधान मानावे लागते. ज्याने जास्त दिले त्याला जास्त परत करावे, यात अन्याय कोणता? विमान मैलांवर उडत नाही, पैशांवर उडते. शिवाय हे मैल म्हणजे आता लहानसहान बक्षीस राहिलेले नाही. क्रेडिट कार्डांवर वाटण्यासाठी बँका ते कंपन्यांकडून घाऊक विकत घेतात. २०२० च्या महामारीत विमाने जमिनीवर बसली, तेव्हा युनायटेडने आपली ही योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलरचे कर्ज उभारले आणि डेल्टाने ९ अब्ज डॉलरचे. ज्या वस्तूवर अब्जावधींचे कर्ज मिळते ती वस्तू कोणी ‘किमान पाचशे’ म्हणून मूठमूठ उधळणार नाही, हे समजण्यासारखे आहे.

तेव्हा नव्या पद्धतीच्या आकड्यांशी माझा झगडा नाही. झगडा आहे तो तिच्या नजरेशी.

गेल्या वर्षी आषाढात एका रात्री अकरा वाजता फोंड्याहून फोन आला. अक्का न्हाणीघरात पडली होती. डोक्याला लागले होते आणि ती कोणाला ओळखत नव्हती. पहाटेचे विमान होते. तिकीट एरवीच्या चौपट होते. मी ते किंमत न पाहताच घेतले. त्या प्रवासातले मला काही आठवत नाही. खिडकीबाहेर पाऊस होता, एवढेच आठवते. दुपारी अक्काने डोळे उघडले, माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “तू जेवलास काय?” तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

पुढच्या आठवड्यात नेहमीप्रमाणे पत्रक आले. अभिनंदन होते. एका प्रवासात इतके पॉइंट मला पूर्वी कधीही मिळाले नव्हते. त्या खातेवहीच्या दृष्टीने ती रात्र म्हणजे माझ्या निष्ठेचा परमोच्च क्षण होता. उलट डिसेंबरातली फेरी पाहावी. दोन महिने आधी काढलेले अगदी स्वस्त तिकीट. त्यातही बराच भाग कर आणि विमानतळाचे आकार यांचा, आणि त्या भागावर पॉइंट मिळत नाहीत. अक्का बरी होती. आम्ही दोघे ओसरीवर तीन दिवस बसून होतो. आईच्या हातच्या खतखत्यात तिरफळे किती असत यावर वाद घातला, आणि तो वाद तिने जिंकला. त्या फेरीच्या नावे पत्रकात एक केविलवाणा आकडा आहे. खातेवही जर पुढे कोणी चाळली, तर तो म्हणेल, की या माणसाचा आषाढ फार संपन्न गेला आणि डिसेंबर अगदीच कोरडा.

म्हणून मला तो जुना पाचशेचा नियम अधिक माणसासारखा वाटतो. त्याला माझी भीती कळत नव्हती आणि माझे सुखही कळत नव्हते. पण निदान त्याने दोघांची अदलाबदल केली नसती. आषाढाचे पाचशे, डिसेंबरचे पाचशे. तू निघालास, पोहोचलास. बाकी मी विचारत नाही. काही न विचारणाऱ्या माणसाची सोबत प्रवासात पुष्कळदा बरी वाटते.

पडल्यापासून अक्काची आठवण अधूनमधून दगा देते. जुने सारे लख्ख आहे. नवे मात्र टिकत नाही. मी परत निघालो की चार दिवसांनी तिला वाटते की मी आलोच नाही, आणि मग ती सोबतीच्या बाईवर रागावते. त्यावर तिने स्वतःच एक उपाय काढला आहे. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. मी पोहोचलो की चहा ठेवण्याआधी ती कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवते आणि त्या तारखेवर एक टिकली लावते. परतीच्या तारखेवर काही लावत नाही. ते तिच्या हिशेबात बसत नाही. गेल्या खेपेला मी ते कॅलेंडर मागे उलटून पाहिले. आषाढाच्या पानावर टिकली नव्हती, कारण तेव्हा ती दवाखान्यात होती. मी ते तिला दाखवले. तिने चष्मा लावून पान न्याहाळले, मग माझ्याकडे संशयाने पाहिले.

“त्या महिन्यात तू आला होतास?”

“आलो होतो,” मी म्हटले.

तिने थोडा विचार केला, करंडा मागवला आणि अंदाजाने एका तारखेवर टिकली लावली. तारीख चुकीची होती. मी काही बोललो नाही. बाकीच्या टिकल्यांएवढीच ती मोठी होती.